मराठवाड्यातील भाजीपाल्याचे सेंद्रिय कीड व्यवस्थापन

रासायनिक कीटकनाशकांविना, सापळे, वनस्पतिजन्य अर्क, मित्रकीटक आणि जैविक बुरशी व विषाणू वापरून भाजीपाल्यावरील किडी आटोक्यात ठेवण्याची पद्धत. मराठवाडा पर्जन्यछायेत येतो; त्यामुळे कोणता उपाय केव्हा चालेल हे येथे हवेतला कोरडेपणा ठरवतो.

पावसाची उघडीप लांबली की फुलकिडे, पांढरी माशी, तुडतुडे हे रस शोषणारे कीटक झपाट्याने वाढतात. लाल कोळीही बळावतो. मिरचीवर चुरडा-मुरडा (पाने आकसून वळणे) दिसतो. भेंडीतला हळद्या (शिरा व पाने पिवळी पाडणारा विषाणूजन्य रोग) पांढरी माशी पसरवते. रोगट झाड बरे होत नाही, ते लगेच उपटावे. पिकाभोवती मक्याच्या वा ज्वारीच्या दोन-तीन दाट ओळी आणि आत पिवळे चिकट सापळे लावतात. फुलकिड्यांसाठी सापळे निळे.

मुख्य आधार मात्र बांधावरच्या कडुनिंबाचा. निंबोळ्या वेचून, गर धुऊन सावलीत वाळवतात. ५ किलो भरड १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवून फडक्याने गाळायची, २०० ग्रॅम साबणाचा चुरा मिसळायचा आणि एकूण १०० लिटर द्रावण करायचे, की ५ टक्के अर्क तयार होतो. उन्हात त्याचा गुण उतरतो, म्हणून त्याच दिवशी ऊन कलल्यावर फवारणी करतात. हा अर्क किडीला तत्काळ मारत नाही. तिचे खाणे आणि वाढ रोखतो. त्यामुळे प्रादुर्भावाच्या सुरुवातीलाच तो उपयोगी पडतो.

वांग्याची शेंडे व फळे पोखरणारी अळी एकदा आत शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. सुकलेले शेंडे अळीसह कापून नष्ट करणे आणि कामगंध सापळे (मादीसारख्या गंधाने नर पतंगांना ओढणारे) लावणे, हेच खरे उपाय. खोडवा (जुनी झाडे छाटून त्यांच्या फुटव्यावर घेतलेले पीक) राखल्यास अळीला वर्षभर आसरा मिळतो. कारले-दोडक्यावरील फळमाशीच्या गंधसापळ्यात फक्त नर अडकतात, म्हणून सापळा एकटा पुरत नाही. किडकी फळे बांधावर न फेकता खोल पुरावी लागतात. टोमॅटोवरील घाटेअळी तूर-हरभऱ्यावरही जगते, म्हणून शेजारच्या शिवारावरही नजर हवी. तिच्यासाठी झेंडूच्या ओळी, ट्रायकोकार्ड (अळीची अंडी नष्ट करणाऱ्या ट्रायकोग्रामा या मित्रकीटकाचे कार्ड) आणि एचएएनपीव्ही (घाटेअळीला रोग लावून मारणारा) विषाणू वापरतात.

परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ (स्थापना १९७२) जैविक निविष्ठा (शेतात वापरायची जैविक उत्पादने) तयार करते. बिव्हेरिया, मेटारायझियम या किडींना रोग लावून मारणाऱ्या बुरशींना ओल लागते. पावसाळ्यात त्या चांगला गुण देतात. एप्रिल-मेच्या झळांत त्यांवर विसंबू नये.