थंड खोलीत वजन उचलताना

घरच्या जिमसाठी आमच्याकडून बार, प्लेट आणि रॅक नेणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

गॅरेज, तळघर, गच्चीवरची खोली, पत्र्याची शेड. घरची जिम बहुधा घरातल्या सगळ्यात गार जागीच थाटलेली असते. थंडी पडली की ग्राहक आम्हाला एकच गोष्ट विचारतात: खोली गरम कशी करायची? आमचं म्हणणं असं की आधी खोलीच्या मागे लागू नका. ऊब सांभाळायची ती अंगातली आणि बारमधली. ती सांभाळता आली तर खोली गार राहिली तरी व्यायाम चांगला होतो.

स्वस्थ बसलेलं असताना दंड-मांड्यांच्या स्नायूंचं तापमान साधारण 33 ते 35 अंश सेल्सिअस असतं, म्हणजे शरीराच्या आतल्या 37 अंशांपेक्षा कमीच. गार खोलीत ते आणखी उतरतं. हालचाल सुरू केली की पहिल्या 3 ते 5 मिनिटांत ते भराभर चढतं आणि 10 ते 20 मिनिटांत स्थिरावतं. या चढउताराला महत्त्व आहे. स्नायू 1 अंशाने गार झाला की झटक्याने लावायची ताकद साधारण 2 ते 5 टक्क्यांनी घटते. गारठ्याच्या दिवशी नेहमीचं वजन जड लागलं तर त्याचं मोठं कारण बहुतेक वेळा हेच असतं. तुमची तयारी कुठे गेलेली नसते.

थंडी गाठते ती विश्रांतीत

एक सेट, म्हणजे न थांबता सलग केलेली उचल, अर्ध्या-पाऊण मिनिटात संपतो. जड सेटनंतर मात्र आपण 3 ते 5 मिनिटं थांबतो. तासाभराच्या व्यायामात प्रत्यक्ष उचलण्याचा वेळ थोडा आणि थांबण्याचाच जास्त. घामेजलेलं अंग, भोवती गार हवा, त्यात आपण बेंचवर बसून फोन बघत राहिलो की दहा मिनिटं खपून कमावलेली ऊब दोन विश्रांतींत निघून जाते.

म्हणून पुढची चेन असलेलं जाड जॅकेट रॅकलाच टांगून ठेवा. बार जागेवर ठेवला की पहिलं काम जॅकेट चढवण्याचं, आणि पुढच्या सेटच्या अगदी आधी ते काढण्याचं. सुरुवातीला याचा कंटाळा येतो. पण या पत्रकातलं एकच काही करणार असाल तर हे करा. विश्रांतीत बसू नका, येरझाऱ्या घाला. वजन फार जड नसेल तेव्हा दोन व्यायाम आलटून पालटून करता येतात, उदाहरणार्थ बेंच प्रेसचा (बेंचवर उताणं पडून बार वर ढकलण्याचा) एक सेट, मग रोइंगचा (वाकून बार पोटाकडे ओढण्याचा) एक. छाती विसावते तेव्हा पाठ काम करते आणि अंग निवत नाही. सगळ्यात जड सेटच्या वेळी मात्र पूर्ण विश्रांती घ्या, तिथे घाई नको.

अंग तापवायची सुरुवात घरातच

उबदार खोलीत, जॅकेट अंगावर ठेवूनच, 5 ते 8 मिनिटं हालचाल करा: जिन्याची चढउतार, जागच्या जागी उड्या, वजनाशिवाय बैठका, खांद्यांचे फेरे. अंगात ऊब आल्याची जाणीव झाली की थांबा. घामाने चिंब होऊन गार खोलीत जाणं वाईट. मग रिकाम्या बारपासून पायरी पायरीने चढा. 80 किलोचा स्क्वॉट (खांद्यांवर बार घेऊन बैठक) करायचा असेल तर 20 किलोच्या रिकाम्या बारचे 10-10 रेप्सचे (आवर्तनांचे) दोन सेट, पुढे 40 किलो 5 वेळा, 55 किलो 3 वेळा, 65 किलो दोनदा, 72.5 किलो एकदा, आणि मग 80. उन्हाळ्यात यातली एखादी पायरी गाळली तर खपून जातं. थंडीत गाळू नका.

कपडे

अंगाला लागून सुती बनियन नको. सूत घाम शोषून ओलं राहतं, आणि पाणी हवेच्या सुमारे 25 पट वेगाने उष्णता वाहून नेतं. आत पॉलिस्टरचा किंवा पातळ लोकरीचा थर, त्यावर स्वेटशर्ट, वर ते जॅकेट. थरांमध्ये अडकलेली हवाच ऊब धरते, म्हणून एका जाड कपड्यापेक्षा दोन पातळ बरे. शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते असं बरेच जण सांगतात, ते खरं नाही. डोकं म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाचा जेमतेम दहावा भाग. तरी उघडं डोकं आणि कान गार लागतातच, तेव्हा कानटोपी जरूर घाला. गुडघे कुरकुरत असतील तर निओप्रीनचे नी-स्लीव्ह चांगली ऊब देतात. बुटात कोंबून दोन-दोन मोजे घालू नका, पाय आवळले की रक्त कमी पोचतं आणि ते जास्तच गारठतात. त्यापेक्षा काँक्रीटवर रबरी मॅट अंथरा.

गार बार, बधिर बोटं

एकाच खोलीतला लाकडी दांडा आणि पोलादी बार यांचं तापमान सारखंच असतं, तरी बार हाताला चटका दिल्यासारखा लागतो. पोलाद हातातली उष्णता लाकडाच्या कित्येक पटींनी वेगाने ओढून घेतं. जमत असेल तर बार रात्री घरात ठेवा. सव्वादोन मीटरचा बार रोज जिन्यातून नेणं जमणार नसेल, तर व्यायामाआधी पकडीच्या जागी गरम पाण्याची रबरी पिशवी 10 मिनिटं ठेवा आणि वरून टॉवेल गुंडाळा.

हातमोजे आम्ही विकतो, तरी सांगतो: जड सेटला जाड मोजे घालू नका. बारची जाडी साधारण 28 मिलिमीटर असते. मोज्यांमुळे ती हाताला वाढल्यासारखी होते आणि पकड सुटते. पातळ मोजे वॉर्मअपला घाला, विश्रांतीत घाला, सेटला काढा आणि पकड घट्ट राहावी म्हणून तळहातांना चॉक (पांढरी पूड) लावा. बोटं बधिर असतील तर बार छातीवर किंवा डोक्यावर नेऊ नका. आधी हात काखेत धरून बोटांत जाणीव येऊ द्या.

हीटर लावायचाच असेल तर

कोळशाची शेगडी, रॉकेलचा किंवा गॅसचा हीटर बंद खोलीत कधीही नको. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि धापा टाकणारा माणूस तो जास्त ओढतो. यात आम्ही कसलीही सूट देत नाही. विजेचाच हीटर घ्या, तोही थेट अंगावर उष्णता फेकणारा इन्फ्रारेड प्रकारचा. गळक्या शेडमधली हवा तापवत बसण्यात वीज वाया जाते. तो निदान एक मीटर लांब ठेवा, बार पडेल किंवा प्लेट घरंगळेल त्या वाटेत नको, आणि जोडणी एक्स्टेन्शन बोर्डावरून न करता थेट भिंतीतल्या सॉकेटला करा.

रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच थंडीत जड वजन उचलावं. गारठ्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि श्वास रोखून जोर लावला की दाब आणखी चढतो. दमा असेल तर नाका-तोंडावर पातळ रुमाल बांधा, इनहेलर हाताशी ठेवा. बोटं पांढरी पडून दुखत असतील तर त्या दिवशी थांबा. तहान कमी लागते म्हणून पाणी टाळू नका. व्यायाम संपला की ओले कपडे लगेच बदला.

बार घरात आणल्यावर

गार बार उबदार घरात आणला की थोड्याच वेळात त्यावर दव धरतं. हे पाणी नर्लिंगच्या (पकडीसाठी बारवर कोरलेल्या खरखरीत नक्षीच्या) खाचांत बसून गंज चढवतं. अर्ध्या तासाने बार कोरड्या फडक्याने पुसा, खाचा ब्रशने झाडा आणि महिन्यातून एकदा मशीन ऑइलचा पातळ हात फिरवून जास्तीचं तेल टिपून घ्या. रबरी बँडही घरातच ठेवा. थंडीत ते निबर होतात, म्हणून ताणण्याआधी चिरा पडल्यात का ते उजेडात पाहून घ्या.