सायनसचं ऑपरेशन केलं की दरवर्षी करावं लागतं?
असं ऐकून लोक वर्षानुवर्षं डोकं धरून बसतात. तसं नाहीये हो. पूर्वी वरच्या ओठाच्या आतून चिरून हाडाला भोक पाडायचे, आता दुर्बीण नाकपुडीतूनच जाते आणि सायनसची (नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांची) बुजलेली तोंडं मोकळी करतात, चेहऱ्यावर टाका नाही. पण ही पहिली पायरी नव्हे, आधी मिठाच्या पाण्याने नाक धुणं (पाणी उकळून गार केलेलंच, थेट नळाचं नको!) आणि स्टेरॉइडचा स्प्रे काही आठवडे नीट, म्हणजे नोझल मधल्या पडद्याकडे न धरता जरा बाहेरच्या बाजूला धरून. तरी फरक नाही तर सीटी स्कॅन. पॉलिप (नाकात वाढणारे मऊ कोंब) मात्र परत येऊ शकतात, दमा असेल तर जास्तच, म्हणून ऑपरेशननंतरही स्प्रे आणि धुणं चालू ठेवायचं असतं, बरेच जण नेमकं तेच सोडतात आणि खापर सर्जनवर.