कावीळ

डोळ्यांचा पांढरा भाग, त्वचा आणि लघवी पिवळी होणे म्हणजे कावीळ. हा स्वतंत्र रोग नसून लक्षण आहे. 'कावीळ झाली' एवढ्या निदानावर उपचार ठरत नाहीत, ती कशाने झाली हे शोधावे लागते.

रक्तातील तांबड्या पेशी सुमारे १२० दिवसांनी मोडतात आणि त्यांतून बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य तयार होते. यकृत ते पित्तावाटे आतड्यात सोडते. विष्ठेचा नेहमीचा रंग त्यामुळेच येतो. रक्तात हे द्रव्य साधारणपणे डेसिलिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असते. ते ३ च्या आसपास गेले की डोळे पिवळे दिसू लागतात. तांबड्या पेशी भराभर फुटल्या (मलेरिया, किंवा सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार), यकृताला सूज आली किंवा पित्तनलिका तुंबली, तरी कावीळ होते. पित्तखडा किंवा स्वादुपिंडाच्या गाठीमुळे नलिका तुंबली, तर विष्ठा पांढुरकी होते आणि अंगाला खाज सुटते.

आपल्याकडे पावसाळ्यात वाढणारी कावीळ बहुधा हिपॅटायटिस ए किंवा ई या यकृताला सूज आणणाऱ्या विषाणूंची असते. दोन्ही दूषित पाण्यातून व अन्नातून पसरतात. आधी ताप, मळमळ, अन्नावरची वासना उडणे आणि मग पिवळेपणा, असा क्रम असतो. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीच्या पाणीपुरवठ्यात यमुनेतून सांडपाणी शिरले आणि सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. ती हिपॅटायटिस ई ची साथ होती, हे पुढे जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून कळले. इचलकरंजीत २०१२ साली याच विषाणूची साथ आली. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत हिपॅटायटिस ई जिवावर बेतू शकतो. अशा स्त्रीला कावीळ दिसताच रुग्णालयात न्यावे.

बी आणि सी हे विषाणू रक्तातून व दूषित सुयांमधून पसरतात. बी लैंगिक संबंधातून आणि प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळालाही होतो. दोन्ही वर्षानुवर्षे गप्प राहतात, आणि कावीळ दिसते तेव्हा यकृत आक्रसून टणक झालेले असू शकते. यालाच सिरोसिस म्हणतात. पोटात पाणी होणे, रक्ताची उलटी, भ्रम ही त्याची पुढची लक्षणे. दारू आणि लठ्ठपणा-मधुमेहासोबत येणारे चरबीयुक्त यकृत यांचाही शेवट असाच होऊ शकतो.

गावोगावी कावीळ 'उतरवतात': मंत्रलेली माळ घालतात, डाग देतात, नाकात औषध पिळतात, चुन्याच्या निवळीत हात धुवायला लावतात. निवळी पिवळी होते ती हाताला आधी चोळलेल्या सालीच्या रसामुळे. बिलिरुबिन असे हातातून निघत नाही. ए आणि ई ची कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप बरी होते आणि श्रेय माळेला जाते. ज्याची पित्तनलिका तुंबली आहे, त्याचे मात्र मोलाचे दिवस या खटाटोपात वाया जातात. 'काविळीवरचे' अनोळखी काढे आणि चूर्णे सुजलेल्या यकृतावर आणखी भार टाकतात.

ए आणि ई वर विश्रांती, पुरेसे पाणी आणि साधा, पोटभर आहार एवढेच सहसा पुरते. हळद किंवा तेल-तूप पूर्ण तोडण्याला आधार नाही; उसाचा रस औषध नव्हे, आणि रस्त्यावरच्या बर्फाचा तर नकोच. दारू पूर्ण बंद, पॅरासिटामॉलही डॉक्टरांना विचारूनच. गुंगी, असंबद्ध बोलणे, रक्तस्राव किंवा न थांबणाऱ्या उलट्या दिसल्या तर घरी थांबू नये. सी आता गोळ्यांच्या काही महिन्यांच्या उपचाराने बहुतेकांत पूर्ण बरा होतो; बी औषधांनी आटोक्यात राहतो. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमातून ही औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. बी वरची लस बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत टोचतात.