एकट्याचा तंबू आणि रात्रभराचे पाणी

काही वर्षांपूर्वी नोव्हेंबरातल्या एका पहाटे, हरिश्चंद्रगडाच्या माथ्यावर लावलेल्या एका माणसाच्या तंबूत मला जाग आली, तेव्हा स्लीपिंग बॅगचा पायाकडचा भाग ओला लागला. रात्रभर आकाश निरभ्र होते, पावसाचा मागमूसही नव्हता. टॉर्च लावून पाहिले तर डोक्यावरच्या कापडाला आतून मोहरीएवढे थेंब दाटीने लटकलेले होते. एकाला बोट लावले की शेजारचे दोन-तीन थेंब त्यात मिसळत आणि शिवणीच्या कडेने खाली ओघळत. तंबू गळला, असेच मी तेव्हा धरून चाललो. प्रत्यक्षात कापडातून एक थेंबही आत आलेला नव्हता. ते पाणी बहुतांशी माझ्याच श्वासातले आणि अंगातले होते.

एकट्याने वापरायचा हलका तंबू घेताना आपण आधी वजन विचारतो, मग पावसात टिकेल का ते विचारतो आणि शेवटी किमतीवर येतो. माझ्या अंगातून रात्रभर निघणारे पाणी हा तंबू बाहेर कसे घालवणार, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. सह्याद्रीत भर पावसाळ्यात मुक्काम बहुधा गुहेत, देवळात किंवा गावातल्या एखाद्या पडवीत होतो. तंबू बाहेर निघतो तो दसऱ्यानंतर, म्हणजे नेमका दवाच्या दिवसांत. म्हणून हा प्रश्न मला इतर सगळ्यांच्या आधीचा वाटतो.

त्याचा हिशेब साधा आहे. घाम आल्याचे जाणवतही नाही अशा स्थितीत प्रौढ माणसाच्या श्वासावाटे आणि त्वचेवाटे दिवसाला सुमारे पाऊण लिटर पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. आठ तासांच्या झोपेत ते पाव लिटर होते. एका माणसाच्या तंबूत हवा असते जेमतेम एक ते दीड घनमीटर. १५ अंश सेल्सिअस तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त १३ ग्रॅम वाफ मावते. बाहेरची सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असेल, तर त्यातले सुमारे साडेदहा ग्रॅम आधीच भरलेले असतात आणि नव्या वाफेसाठी उरते ती अडीच ग्रॅमची जागा. पाव लिटर, म्हणजे २५० ग्रॅम पाणी या मार्गाने बाहेर न्यायचे तर अशी शंभर घनमीटर हवा रात्रभरात तंबूतून जायला हवी. तंबूत एक घनमीटर हवा धरली तर दर पाच मिनिटांनी ती सगळीच्या सगळी बदलली पाहिजे. झोपलेल्या माणसाच्या उबेने आतली हवा थोडी गरम होते आणि तिची वाफ धरण्याची क्षमता वाढते, हे खरे. पण ती हवा ज्या कापडाला जाऊन भिडते ते कापड थंडगार असते, त्यामुळे हा फायदा बराचसा तिथेच संपतो.

कापड बाहेरच्या हवेहूनही थंड का होते, हे समजून घेण्यासारखे आहे. निरभ्र रात्री तंबूचे कापड आपली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने आकाशाकडे सोडत राहते आणि मोकळ्या आकाशाकडून तेवढी उष्णता त्याला परत मिळत नाही, म्हणून त्याचे तापमान भोवतालच्या हवेपेक्षा काही अंशांनी खाली उतरते. दव आकाशातून पडते की जमिनीतून वर येते, हा वाद एकेकाळी मोठा होता. लंडनमधील विल्यम चार्ल्स वेल्स या डॉक्टरांनी लोकरीचे पुंजके रात्री उघड्यावर आणि आडोशाखाली ठेवले, सकाळी त्यांचे वजन करून पाहिले, आणि दव जमते ते वस्तूच थंड झाल्यामुळे, हे १८१४ साली मांडले. त्यांच्या पुंजक्यांची गोष्ट तंबूलाही जशीच्या तशी लागू पडते. उघड्या पठारावरचा तंबू पहाटे निथळत असतो, आणि तिथून पन्नास पावलांवर आंब्याखाली लावलेला तंबू बराच कोरडा राहतो, कारण झाडाचा पसारा आकाशाच्या आड येतो आणि स्वतःची उष्णता तंबूकडे सोडतो. (झाडाखाली तंबू लावण्याआधी वर वाळलेली फांदी नाही ना, हे पाहायलाच हवे.) रात्री थंड हवा जड होऊन खोलगट जागेत साचते, आणि तळ्याच्या अगदी काठावरची हवा आधीच ओलसर असते, म्हणून काठ सोडून थोडे चढावर सरकणे हा वजन न वाढवता मिळणारा सर्वांत मोठा लाभ आहे.

आता तंबूच्या रचनेकडे येऊ. दुहेरी तंबूत आत जाळीचा कक्ष असतो, त्याला इनर म्हणतात, आणि त्यावर वितभर अंतर राखून फ्लाय, म्हणजे पाणी अडवणारे बाहेरचे कापड असते. वाफ जाळीतून आरपार जाऊन फ्लायच्या आतल्या बाजूला थिजते, आणि थेंब ओघळले तरी ते जाळीबाहेरून जमिनीवर उतरतात. एकेरी तंबूत हे दोन्ही पदर एकच असतात. वजनात दोन-तीनशे ग्रॅमची बचत होते, पण ओली भिंत थेट तुमच्या शेजारी असते. लडाखच्या कोरड्या हवेत एकेरी तंबू चांगला चालतो. सह्याद्रीत आणि कोकणात मी तो घेणार नाही आणि कोणाला सुचवणारही नाही. दुहेरी तंबूतही फ्लायची खालची कड जमिनीपासून चार बोटे तरी वर राहते का आणि वरच्या टोकाला झरोका आहे का, हे पाहावे. पाण्याच्या वाफेचा रेणू हवेतल्या नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेणूंपेक्षा हलका असतो, त्यामुळे उबदार दमट हवा वर चढते आणि झरोका असेल तर तिथून निसटते. तंबूची उंची मात्र जेमतेम मीटरभर असल्यामुळे हा धुराड्याचा परिणाम क्षीण असतो, आणि खरे काम वाऱ्याची झुळूकच करते. म्हणून थंडी वाजते म्हणून सगळ्या चेन ओढून घेणे, हा ओल्या पहाटेकडे नेणारा हमखास मार्ग आहे.

एमा गेटवुड या अमेरिकन आजींनी १९५५ साली, वयाच्या ६७ व्या वर्षी, अ‍ॅपलाचियन ट्रेल ही तीन हजारांहून अधिक किलोमीटरची वाट एकटीने पूर्ण केली, तेव्हा त्यांच्याजवळ तंबू नव्हता; आडोशासाठी न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा होता. त्यांच्याबद्दल मला अपार आदर वाटतो, आणि चारी बाजूंनी उघड्या आडोशाखाली वाफ साचत नाही हेही खरे आहे. परंतु विंचू आणि फुरसे यांच्या मुलुखात चेन लागणारी जाळी आणि सलग तळ मी सोडणार नाही.

वजनाचा विचार इथून पुढे. तंबू ३०० ग्रॅमने हलका झाला, तर हजार मीटर चढताना नेमके काय वाचते? भौतिकशास्त्राचे उत्तर सुमारे तीन हजार ज्यूल, आणि स्नायूंची कार्यक्षमता वीस-पंचवीस टक्के धरली तर सव्वातीन किलोकॅलरीच्या आसपास. एका ग्लुकोज बिस्किटातही याहून बरीच अधिक ऊर्जा असते. पाठीवरच्या दहा वस्तूंतले प्रत्येकी ३०० ग्रॅम वाचवले तर तीन किलो कमी होतात, आणि उतरताना गुडघ्यांना तो फरक नक्की कळतो, म्हणून हलक्या सामानाचा आग्रह योग्यच आहे. फक्त ही बचत झरोका किंवा जाळी यांच्या बदल्यात करू नये. वेष्टनावरचा आकडाही नीट वाचावा. ट्रेल वेट म्हणजे बहुधा इनर, फ्लाय आणि काठ्या एवढेच; मेखा, दोऱ्या आणि पिशव्या धरून होते ते पॅक्ड वेट, आणि पाठीवर आपण तेच वाहतो. दुहेरी तंबू सव्वा ते दीड किलोत मिळत असेल, तर मी तो हलकाच म्हणेन.

हलके कापड म्हटले की डेनिअर हा शब्द येतो. नऊ हजार मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन म्हणजे डेनिअर; हलक्या तंबूंत साधारण १५ ते ३० डेनिअरचे धागे वापरतात. त्याच वजनात नायलॉन पॉलिएस्टरपेक्षा मजबूत असते, पण ते हवेतला ओलावा पिते: सर्वसाधारण दमट हवेत स्वतःच्या वजनाच्या चार टक्क्यांपर्यंत, तर पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. ओलावा प्यायलेले नायलॉन ताणले जाते. संध्याकाळी ढोलाच्या कातड्यासारखा घट्ट बसवलेला फ्लाय मध्यरात्री सैल होऊन इनरला चिकटतो, दोन पदरांमधले अंतर संपते, आणि दुहेरी तंबू त्या जागी एकेरी होऊन बसतो. मघाच्या पहाटे माझ्या पायांशी हेच झाले होते. आपल्याकडच्या दवासाठी म्हणूनच माझा कल पॉलिएस्टरकडे आहे. उन्हातल्या अतिनील किरणांपुढेही ते अधिक टिकते. डायनीमा कंपोझिट हे मुळात शर्यतीच्या होड्यांच्या शिडांसाठी तयार झालेले कापड ओलावा पीत नाही, ताणले जात नाही आणि अत्यंत हलके असते, मात्र त्याची किंमत सर्वसाधारण भटक्याला परवडणारी नाही.

जलरोधकता मिलिमीटरमध्ये सांगतात. ३००० मिमी म्हणजे कापडावर तीन मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी ते झिरपत नाही. फ्लायवर पडणाऱ्या पावसासाठी १२०० ते १५०० मिमी पुरेसे होतात. तळाचे गणित वेगळे आहे. गुडघ्यांवर बसून तुम्ही सामान आवरता, तेव्हा दोन्ही गुडघ्यांवर मिळून ४० किलो भार आणि टेकलेली जागा १०० चौरस सेंटिमीटर धरली, तर दाब दर चौरस सेंटिमीटरला ०.४ किलो होतो, आणि तो चार मीटर पाण्याच्या स्तंभाइतका असतो. ओल्या जमिनीवर नेमके गुडघ्यांखालीच पाणी का वर येते, याचे कारण हे आहे. तळाखाली प्लास्टिकचा जाड कागद अंथरावा. तो तळापेक्षा बोटभर लहान कापावा, नाहीतर फ्लायवरून ओघळलेले पाणी त्याच्यावर जमून आत शिरते.

स्वतःच्या काठ्यांऐवजी ट्रेकिंग पोलवर, म्हणजे चालताना हातात धरायच्या काठ्यांवर, उभे राहणारे तंबू बरेच वजन वाचवतात, पण त्यांचा सारा डोलारा मेखांवर असतो. आपल्या गडमाथ्यांवर बसाल्टचा कातळ आणि कोकणातल्या सड्यांवर जांभा. दोन्हींत मेख शिरत नाही. अशा जागी दोरी मोठ्या दगडाला गुंडाळता येते, तरीही स्वतःच्या काठ्यांवर उभा राहणारा तंबू माझ्या मते जास्त भरवशाचा. दोऱ्या मात्र त्यालाही लागतातच, कारण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो: ताशी ३६ किलोमीटर वाऱ्याचा दाब एका चौरस मीटरवर सुमारे सहा किलो, आणि वेग दुप्पट झाला की तो चौवीस किलो होतो. तंबूची अरुंद बाजू वाऱ्याकडे करावी, आणि कड्यापासून चांगले आत सरकावे.

मापाबाबत एकच सांगतो: दुकानात लाजू नये. आपली मॅट सोबत न्यावी, तंबू उभा करायला सांगावा, आत आडवे व्हावे आणि मग ताठ बसून पाहावे. झोपल्यावर पायाकडची उतरती भिंत बॅगेला टेकत असेल, तर तो तंबू तुमच्यासाठी आखूड आहे, मग कागदावर लांबी काहीही लिहिलेली असो.

घरी आणल्यावर तंबूला सर्वांत मोठा धोका असतो तो माळ्यावरच्या पावसाळ्याचा. कापडाला पाणी रोखणारा लेप बहुधा पॉलियुरेथेनचा असतो, आणि दमट उबेत पाण्याचे रेणू त्या लेपाची साखळी हळूहळू तोडतात. जूनमध्ये घडी करून ठेवलेला ओलसर तंबू ऑक्टोबरात उघडावा तर हाताला चिकटतो, उग्र वास मारतो आणि लेपाचे पापुद्रे सुटू लागतात. सिलिकोनचा लेप याबाबत टिकाऊ असतो, पण त्यावर शिवणीची पट्टी चिकटत नाही, म्हणून शिवणी वेगळ्या द्रवाने बंद कराव्या लागतात. लेप कोणताही असो, घरी परतलेल्या दिवशीच तंबू सावलीत दोरीवर टाकावा, दोन दिवस पंख्याखाली पूर्ण सुकू द्यावा, आणि आवळ पिशवीत न कोंबता सुती उशीच्या अभ्र्यात सैलसर भरून कोरड्या कपाटात ठेवावा.