एक डोसवाले गणितात कुठे बसतात? (पार्श्वभूमी)

साथीच्या गणिताचं आणि आपल्या भागाचं नातं जुनं आहे. कर्मॅक आणि मॅकेन्ड्रिक यांचं १९२७ चं जे मॉडेल (म्हणजे साथ कशी पसरते याचं गणित) आजही पाया मानलं जातं, त्यातला आलेख मुंबईच्या १९०५-०६ च्या प्लेगमधल्या मृत्यूंचा. त्यात बरा झालेला माणूस हिशोबातून बाहेर. पुन्हा लागण होऊ शकणारे लोक त्याच लेखकांनी १९३२-३३ मध्ये गणितात घेतले, पण सामान्य माणसाच्या जिवाशी हा अर्धवट संरक्षणाचा विषय भिडला तो २०२१ मध्ये, कोविडच्या लसीकरणातच.

घोळ असा आहे की लस ५० टक्के काम करते म्हटलं तर निम्म्या लोकांना पूर्ण संरक्षण, की सगळ्यांनाच अर्धं? समजा लस न घेतलेल्याला दर संपर्कात २० टक्के धोका आहे, तर १० संपर्कांत ८९ टक्के लोकांना लागण होणार. निम्म्यांना पूर्ण संरक्षण असेल तर ४५ टक्के, सगळ्यांना अर्धं असेल तर ६५. ठाण्याजवळच्या दिव्याहून रोज सकाळी लोकलमध्ये चेंगरत जाणाऱ्याचे १० संपर्क व्हायला किती वेळ लागतो?

आता कोविशील्ड लसीच्या दोन डोसांमधलं अंतर. आधी ४ ते ६ आठवडे, मार्च २०२१ मध्ये ६ ते ८, आणि १३ मे ला थेट १२ ते १६. आदल्याच दिवशी राज्यात लसटंचाईमुळे १८ ते ४४ वाल्यांचं लसीकरण थांबलं होतं, ठाण्यात लोक स्लॉटसाठी मोबाईल घेऊन बसलेले, त्यामुळे लोकांना शंका आली तर नवल नाही. केंद्राचं म्हणणं, निर्णय शास्त्रीयच. अंतर वाढलं की प्रतिसाद चांगला येतो आणि पहिला डोस जास्त लोकांना मिळतो, हे खरंच आहे. पण दुसऱ्याच दिवशी ब्रिटनने कोविडच्या डेल्टा प्रकाराच्या भीतीने पन्नाशीपुढच्यांचं अंतर १२ वरून ८ आठवड्यांवर आणलं! तिथल्या नंतरच्या आकड्यांत डेल्टाची लक्षणं असलेल्या आजारापासून याच लसीच्या एका डोसने संरक्षण जेमतेम ३० टक्के, दोन डोसने ६७. केंद्राच्या लसीकरण सल्लागार गटातल्या काहींनीही जूनमध्ये सांगितलं की आम्ही ८ ते १२ आठवड्यांनाच पाठिंबा दिला होता. त्याच महिन्यात परदेशी शिकायला किंवा कामाला जाणाऱ्यांना मात्र २८ दिवसांनी दुसरा डोस मिळायला लागला. एक डोसवाला माणूस त्या १६ आठवड्यांत किती सुरक्षित धरला होता, ते गृहीतक लोकांसमोर मांडायलाच हवं होतं.

पुढे डिसेंबरमध्ये राज्यातला पहिला ओमायक्रॉन रुग्ण डोंबिवलीत सापडला, जानेवारीत दोन डोसवालेही आजारी पडले आणि इम्युनिटी उतरत जाते हे धरल्याशिवाय मॉडेल चालेना. दुसऱ्या डोसनंतर बूस्टरचं अंतर आधी ९ महिने होतं, जुलै २०२२ मध्ये ते ६ वर आलं.