हायड्रोक्लोरिक आम्लाची संहती

हायड्रोजन क्लोराइड हा वायू पाण्यात विरघळला की हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होते. त्याच्या ठरावीक आकारमानात हा वायू किती आहे, ते संहती सांगते. प्रयोगशाळेत ती बहुधा मोलारतेत, म्हणजे एक लिटर द्रावणातील मोलांच्या संख्येत मांडतात. एक मोल म्हणजे पदार्थाचे त्याच्या रेणुवस्तुमानाइतके ग्रॅम. या आम्लाचा एक रेणू एकच हायड्रोजन आयन देतो, त्यामुळे त्याची मोलारता आणि नॉर्मलता (एक लिटर द्रावणातून मिळू शकणाऱ्या हायड्रोजन आयनांचे मोल) सारखीच असते.

बाटलीवर मात्र मोलारतेऐवजी बहुधा टक्केवारी छापलेली असते आणि नवशिक्यांची चूक नेमकी तिथे होते. संहत आम्लाच्या बाटलीवरचे '३७ टक्के' हे वजनी प्रमाण आहे: १०० ग्रॅम द्रावणात ३७ ग्रॅम हायड्रोजन क्लोराइड. आपण आम्ल मोजतो ते मात्र मिलिलिटरमध्ये. या दोहोंना जोडते ती घनता, म्हणून लेबल वाचताना टक्केवारीइतकेच घनतेच्या आकड्याकडेही लक्ष हवे. ही घनता दर मिलिलिटरला सुमारे १.१८ ग्रॅम असते. म्हणजे एक लिटर आम्लाचे वजन ११८० ग्रॅम, त्याचे ३७ टक्के ४३६.६ ग्रॅम. याला ३६.४६ या रेणुवस्तुमानाने भागले की ११.९७, म्हणजे जवळपास १२ मोलार. घनता विसरून लिटरमध्ये ३७० ग्रॅम धरले, तर उत्तर १०.१५ येते, खऱ्यापेक्षा सुमारे १५ टक्के कमी.

विरल द्रावण करताना मोलांची संख्या बदलत नाही, वाढते ते फक्त पाणी. म्हणून आधीची संहती गुणिले आधीचे आकारमान हे नंतरच्या संहती व आकारमानाच्या गुणाकाराइतकेच असते. एक लिटर ०.१ मोलार द्रावणासाठी १२ मोलार आम्ल सुमारे ८.३ मिलिलिटर लागते. ठरावीक आकारमानाची खूण असलेल्या मापन चंबूत आधी बरेचसे पाणी घ्यावे, त्यात आम्ल सावकाश सोडावे, द्रावण निवल्यावरच खुणेपर्यंत पाणी भरावे. उलट, आम्लात पाणी कधीही ओतू नये: निघालेल्या उष्णतेने आम्ल अंगावर उडू शकते. संहत आम्लाची बाटली उघडताच पांढरा धूर दिसतो. तो श्वसनमार्गाला फार त्रासदायक असल्याने हे काम धूर बाहेर ओढून घेणाऱ्या धूरकक्षातच, हातमोजे आणि चष्मा घालून करायचे.

तोच धूर हिशेबातही अडथळा आणतो. बाटली वारंवार उघडली की वायू निसटतो आणि लेबलवरची टक्केवारी खरी राहत नाही. म्हणून वरच्या रीतीने केलेले द्रावण 'सुमारे' ०.१ मोलार समजायचे. नेमका आकडा अनुमापनाने, म्हणजे माहीत असलेल्या वजनाच्या पदार्थाला किती आम्ल लागते ते मोजून, ठरतो. त्यासाठी तापवून कोरडे केलेले शुद्ध सोडियम कार्बोनेट वापरतात. समजा, ०.१३२५ ग्रॅम कार्बोनेट पाण्यात विरघळवून मिथिल ऑरेंज या रंग बदलणाऱ्या दर्शकाचे थेंब टाकले. द्रावण पिवळे दिसते. ब्युरेटमधून, म्हणजे खुणा व तोटी असलेल्या नळीतून, आम्ल सोडत गेल्यावर ते नारिंगी होते, तिथे थांबायचे. कार्बोनेटच्या एका मोलला आम्लाचे दोन मोल लागतात आणि कार्बोनेटचे रेणुवस्तुमान १०५.९९ आहे, म्हणून इथे आम्लाचे ०.००२५ मोल खर्च झाले. ब्युरेटवर २४.६० मिलिलिटर दिसत असतील, तर संहती ०.१०१६ मोलार.

हे आम्ल उकळत ठेवले तर काय होते, तेही पाहण्याजोगे आहे. संहत आम्लातून वायू जास्त निघून जातो, विरल आम्लातून पाणी. वातावरणाच्या सामान्य दाबाला दोन्ही अखेर एकाच ठिकाणी येतात: सुमारे २०.२ टक्के, म्हणजे जवळपास ६ मोलार, आणि उत्कलनांक १०८.६ अंश सेल्सिअस. त्यापुढे द्रावण आणि त्याची वाफ यांची घडण सारखीच राहते. दाब बदलला तर हे प्रमाणही बदलते.

संहतीवरून सामू (pH, आम्लता दाखवणारा आकडा) काढता येतो, पण विरल द्रावणापुरताच. ०.१ मोलार आम्लाचा सामू हिशेबाने १ येतो, प्रत्यक्षात सुमारे १.१ भरतो. १२ मोलार आम्लात आयन इतके दाटलेले असतात की हे साधे गणित तिथे लागूच पडत नाही.