बुरशीशी शरीराची लढाई: डॅफ्नियापासून म्युकरपर्यंतची पार्श्वभूमी

मे २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या रुग्णालयांत कान-नाक-घशाचे वॉर्ड म्युकरमायकोसिसच्या, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘काळ्या बुरशी’च्या, रुग्णांनी भरले. कोविडमधून उठलेला माणूस काही दिवसांत परत येई तो गाल सुजलेला, एका बाजूचे दात हलू लागलेले, डोळ्याची पापणी उचलत नाही, टाळूवर काळा डाग, अशा अवस्थेत. त्याच दिवसांत कांद्याच्या सालीवरच्या काळ्या पुडीचे फोटो फोनाफोनांतून फिरत होते. ती पूड बहुतेक वेळा ॲस्परजिलस नायजर या वेगळ्याच बुरशीची असते. आणि रुग्णाच्या टाळूवरचा काळा रंग तर बुरशीचाही नव्हे. रक्तपुरवठा तुटून मेलेल्या मांसाचा तो रंग.

म्युकरच्या गटातली रायझोपस ही बुरशी मातीत, शेणखतात, शिळ्या पावावर असते. तिचे बीजाणू हवेत असतात आणि ते आपण सगळेच श्वासातून घेतो. त्यामुळे बुरशी आली कुठून, हा प्रश्नच नव्हता. शरीर एरवी तिला कसे परतवून लावते आणि त्या रुग्णांत नेमके काय ढासळले, हे समजून घ्यायला हवे होते. याचे उत्तर शंभराहून अधिक वर्षांत, तुकड्यातुकड्यांनी मिळाले आहे. बहुतेक वेळा संरक्षणाची एखादी कडी तुटली, तेव्हाच तिथे कडी होती हे कळले.

सुरुवात बुरशीपासूनच झाली होती, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. सूक्ष्मजीवामुळे प्राण्याला रोग होतो हे पहिल्यांदा नीट दाखवले ते इटलीतल्या आगोस्तिनो बास्सी यांनी, १८३५ मध्ये. तो रोग रेशीमकिड्यांचा होता आणि कारण होते बुरशी. पुढे इल्या मेचनिकोव्ह यांनी १८८४ मध्ये डॅफ्नियावरचे निरीक्षण प्रसिद्ध केले. डॅफ्निया म्हणजे तळ्यातला जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा पारदर्शक जीव. अंग काचेसारखे असल्याने आत काय चालले आहे ते सूक्ष्मदर्शकाखाली जिवंतपणी दिसते. एका यीस्टचे सुईसारखे टोकदार बीजाणू तो अन्नाबरोबर गिळतो. ते आतड्याची भिंत भोसकून शरीराच्या पोकळीत शिरतात. मेचनिकोव्हना दिसले, की सुईचे टोक आत घुसताच रक्तातल्या फिरत्या पेशी तिला चिकटतात, वेढा घालतात आणि हळूहळू तिचा भुगा करतात. बीजाणू थोडे असले तर डॅफ्निया जगतो. खूप असले, किंवा एखाद्याला कोंब फुटून यीस्टच्या कळ्या पसरू लागल्या, तर याच भक्षकपेशी विरघळतात, अंग दुधाळ पांढरे होते आणि तो मरतो. कोंब आधी फुटतो की पेशी आधी पोहोचतात, अशी ही शर्यत. माणसातल्या बुरशीच्या आजाराचे याहून नेमके वर्णन आजही करता येणार नाही. मेचनिकोव्ह यांना १९०८ मध्ये पॉल एर्लिक यांच्याबरोबर नोबेल मिळाले.

त्यानंतर अभ्यासाचा सारा ओघ जिवाणू, अँटिबॉडी आणि लसींकडे वळला. बुरशी मागे पडली. त्या ज्ञानातले बरेचसे बुरशीला जसेच्या तसे लागूही पडत नव्हते. रक्तातली कॉम्प्लिमेंट प्रथिने काही जिवाणूंना थेट भोके पाडून मारतात. बुरशीभोवती जाड भिंत असल्याने तिथे ती भोके पडत नाहीत. कॉम्प्लिमेंट बुरशीवर खूण करते, मारायचे काम पेशींनाच करावे लागते. शिवाय बुरशीची पेशी आपल्या पेशीच्या जवळची, केंद्रक असलेली. म्हणूनच बुरशीवरची औषधे मोजकी आहेत आणि त्यांतली बरीच आपल्यालाही त्रास देतात.

पेशींच्याही आधीचा एक अडथळा आहे, तो अंगाच्या उबेचा. ४,८०२ बुरशी-नमुन्यांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ३० ते ४० अंश सेल्सियसच्या टप्प्यात तापमान एकेका अंशाने वाढले, की आणखी सुमारे ६ टक्के बुरशी वाढू शकत नाहीत, असे त्यात दिसले. ३७ अंशांवर बहुतेक प्रकार बादच होतात. अमेरिकेत २००६ पासून लाखो वटवाघळे ‘पांढऱ्या नाकाच्या’ रोगाने मेली, ती शीतनिद्रेत अंग थंड पडलेले असताना. गजकर्णाची बुरशी कातडीच्या वरच्या मेलेल्या थरातच राहते, त्यामागेही तिथला गारवा हे एक कारण आहे.

पुढची कडी कर्करोगाच्या वॉर्डात सापडली. केमोथेरपी सुरू झाल्यावर पांढऱ्या पेशी खाली आलेले ल्युकेमियाचे रुग्ण संसर्गाने जाऊ लागले. १९६६ मध्ये जेराल्ड बोडी आणि सहकाऱ्यांनी पेशींची संख्या आणि संसर्ग यांचा मेळ आकड्यांत मांडला. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) १,००० च्या खाली गेले की धोका वाढू लागतो, ५०० च्या खाली झपाट्याने वाढतो, १०० च्या खाली सर्वांत जास्त. आणि किती दिवस खाली राहतात हेही तितकेच महत्त्वाचे. आजचे नियम याच पायावर उभे आहेत. न्यूट्रोफिल ५०० च्या खाली असताना एकदा ३८.३ अंश ताप आला किंवा ३८ अंश तासभर टिकला, तर प्रतिजैविक लगेच सुरू करायचे. चार ते सात दिवसांत ताप हटला नाही तर बुरशीचा शोध घ्यायचा आणि तिच्यावरचे औषध विचारात घ्यायचे.

न्यूट्रोफिल इतके का लागतात, हे आकारांवरून कळते. ॲस्परजिलसचा बीजाणू २ ते ३ मायक्रॉनचा, थेट फुप्फुसाच्या वायुकोशापर्यंत जाणारा. तो तिथल्या मॅक्रोफेज या भक्षकपेशीच्या एका घासात मावतो. पण तो फुगून त्याला तंतू फुटला की काही तासांतच तो कुठल्याही पेशीहून लांब होतो. १२ ते १५ मायक्रॉनची न्यूट्रोफिल त्याला गिळणार कशी? मग त्या बऱ्याच जणी मिळून तंतूला बिलगतात आणि ऑक्सिजनपासून बनवलेली दाहक रसायने त्यावर सोडतात. शेवटचा उपाय म्हणून आपल्याच डीएनएचे जाळे बाहेर फेकतात. हे जाळे २००४ मध्ये प्रथम वर्णिले गेले. त्याला कॅल्प्रोटेक्टिन हे प्रथिन चिकटलेले असते; ते जस्त आणि मँगनीज पकडून ठेवते आणि बुरशीची उपासमार करते.

दाहक रसायने किती मोलाची, ते क्रॉनिक ग्रॅन्युलोमेटस डिसीज या आनुवंशिक आजाराने दाखवले. या मुलांच्या पांढऱ्या पेशी संख्येने पुरेशा असतात, जंतू गिळतातही, पण मारू शकत नाहीत. हे १९६७ च्या सुमारास स्पष्ट झाले. एनएडीपीएच ऑक्सिडेज हे एन्झाइम बिघडलेले असते. त्यांना ॲस्परजिलसचा न्यूमोनिया पुन्हा पुन्हा होतो. अशा मुलाला इट्राकोनाझोल हे बुरशीवरचे औषध सुरू असले तरी शेणखत उलथणे, कुजलेला पालापाचोळा गोळा करणे, भिजून बुरसलेल्या कडब्याजवळ खेळणे यांपासून दूरच ठेवावे लागते. एकाच दिवशी भरपूर बीजाणू छातीत गेले, तर काही दिवसांत जिवावर बेतते.

मग एड्स आला. ५ जून १९८१ च्या अमेरिकी अहवालात लॉस एंजलिसमधल्या पाच तरुणांची नोंद होती. पाचही जणांना न्यूमोसिस्टिसचा न्यूमोनिया होता आणि पाचही जणांत कॅन्डिडा या यीस्टसारख्या बुरशीचा संसर्ग. न्यूमोसिस्टिसला तेव्हा प्रोटोझोआ समजत. ती बुरशी आहे हे १९८८ मध्ये आरएनएच्या तुलनेतून कळले. एचआयव्ही ज्यांना मारतो त्या सीडी-४ टी पेशी (याही पांढऱ्या पेशीच) बुरशीविरुद्ध किती मोठे काम करत होत्या, ते या साथीने उघडे केले. त्या मायक्रोलिटरमागे २०० च्या खाली गेल्या की न्यूमोसिस्टिस, १०० च्या खाली गेल्या की क्रिप्टोकॉकस या बुरशीचा मेंदूज्वर.

डॉक्टरांना यात एक कोडे दिसत होते. एड्सच्या रुग्णाचे तोंड आणि अन्ननलिका कॅन्डिडाच्या पांढऱ्या साक्याने भरलेली, पण कॅन्डिडा त्याच्या रक्तात क्वचितच उतरे. न्यूट्रोफिल संपलेल्या ल्युकेमियाच्या रुग्णात ती रक्तात उतरून यकृत-प्लीहेपर्यंत पोहोचे. बुरशी एकच असली तरी तोंडाच्या अस्तरावरचा पहारेकरी वेगळा आणि रक्तातला वेगळा असला पाहिजे, असा याचा अर्थ. अस्तरावरचा पहारेकरी २००५ मध्ये टीएच-१७ या टी पेशींच्या एका प्रकाराच्या रूपाने नावारूपाला आला. या पेशी आयएल-१७ हे संदेश-प्रथिन सोडतात. त्याने अस्तराच्या पेशी जंतुनाशक प्रथिने बनवतात आणि न्यूट्रोफिलना बोलावतात. पुरावा २०१० आणि २०११ मध्ये आला. लहानपणापासून तोंडात, नखांत कॅन्डिडा ठाण मांडून बसलेल्या रुग्णांपैकी काहींच्या रक्तात आयएल-१७ विरुद्धच अँटिबॉडी निघाल्या, काहींत त्याच्या मार्गातली जनुके बिघडलेली. आज सोरायसिससाठी आयएल-१७ रोखणारी इंजेक्शने दिली जातात. ती घेणाऱ्याच्या तोंडात पांढरा थर दिसला तर कारण हेच.

राहिला प्रश्न ओळखण्याचा. बुरशी आली हे पेशीला कळते कसे? उत्तर फळमाशीने दिले. स्ट्रासबर्गमध्ये ज्यूल हॉफमन यांच्या प्रयोगशाळेत ब्रुनो लेमेत्र यांनी टोल नावाचे जनुक बिघडवलेल्या माश्या घेतल्या. गर्भात पाठ कुठली आणि पोट कुठले हे ठरवणारे जनुक म्हणून टोल आधीच माहीत होते. या माश्यांना ॲस्परजिलस टोचली, तेव्हा त्या दोन-तीन दिवसांत मेल्या. बुरशीविरुद्धचे ड्रोसोमायसिन त्यांना बनवताच येत नव्हते. १९९६ च्या त्या शोधनिबंधातले, तंतूंनी गुरफटलेल्या मेलेल्या माशीचे छायाचित्र प्रतिकारशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेले असते. पुढच्याच वर्षी माणसातले टोलसारखे जनुक सापडले, आणि हॉफमन २०११ च्या नोबेलचे एक मानकरी ठरले.

माणसात बुरशीसाठी त्याहून नेमका डोळा निघाला डेक्टिन-१. गॉर्डन ब्राऊन आणि सायमन गॉर्डन यांनी २००१ मध्ये दाखवले, की पांढऱ्या पेशींवरचे हे प्रथिन बीटा-ग्लुकान ओळखते. बुरशीची भिंत थरांची असते: सर्वांत आत कायटिन, मग बीटा-ग्लुकान, बाहेर कॅन्डिडासारख्यांत मॅनान या साखरेची झालर. यातले बीटा-ग्लुकान आपल्या शरीरात कुठेच बनत नाही, त्यामुळे ते दिसले की परका आला हे नक्की. डेक्टिनकडून आत निरोप नेणारे प्रथिन कार्ड-९. ते नसलेले इराणी कुटुंब २००९ मध्ये नोंदले गेले. त्यात कॅन्डिडा मेंदूपर्यंत गेली होती. २०१३ मध्ये अल्जीरिया, ट्युनिशियातल्या कुटुंबांत याच दोषामुळे साध्या गजकर्णाची बुरशी कातडीखाली, लसिकाग्रंथींत उतरलेली आढळली. तरुण, एरवी धडधाकट माणसात असे दिसले तर कार्ड-९ तपासावे, ते यासाठी.

बुरशीही गप्प बसलेली नाही. कॅन्डिडा ग्लुकान मॅनानखाली झाकते. ॲस्परजिलसच्या बीजाणूवर पाणी न धरणाऱ्या प्रथिनाचे पांघरूण असते; तो फुगेपर्यंत पेशींना त्याचा पत्ता लागत नाही, हे २००९ मध्ये कळले. एका अर्थी हे आपल्याही भल्याचे आहे, नाहीतर श्वासागणिक फुप्फुसाला सूज आली असती. क्रिप्टोकॉकस जाड आवरण घेऊन मॅक्रोफेजच्या पोटातच राहतो आणि तिला न मारता बाहेरही पडतो.

सूज हे हत्यार दोन्ही बाजूंनी कापते. क्रिप्टोकॉकसच्या मेंदूज्वरात एचआयव्हीची औषधे घाईने सुरू केली, तर परतलेल्या टी पेशी मेंदूतल्या बुरशीवर तुटून पडतात आणि डोक्यातला दाब वाढतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युगांडा-दक्षिण आफ्रिकेतल्या चाचणीत पहिल्या दोन आठवड्यांत औषधे दिलेल्यांपैकी २६ आठवड्यांत ४५ टक्के दगावले. पाच आठवडे थांबलेल्या गटात ३० टक्के. म्हणून आता चार ते सहा आठवडे थांबतात. उलट टोक आपल्या गल्लीतल्या औषधांच्या दुकानात दिसते. गजकर्णावर क्लोबेटासोलसारखे जहाल स्टिरॉइड असलेले मलम लावले की लाली आणि खाज दोन दिवसांत जाते, कारण सूज थांबते. ती सूज हीच शरीराची लढाई होती. बुरशी मोकळी पसरते, कड पुसट होते आणि तपासणाऱ्यालाही ती ओळखू येईनाशी होते. अशी मलमे स्वतःच्या मनाने लावूच नयेत.

आता म्युकरकडे. त्या रुग्णांत एकाच वेळी बऱ्याच कड्या निसटल्या होत्या. रायझोपसला वाढायला लोह लागते. एरवी रक्तातले ट्रान्सफेरिन ते घट्ट धरून ठेवते. मधुमेहात कीटोॲसिडोसिस झाला, रक्ताची आम्लता वाढली, की ही पकड सुटते. शरीरातले जादा लोह काढण्यासाठी डिफेरोक्सामिन घेणाऱ्या डायलिसिसच्या रुग्णांना म्युकर होतो, हे कोविडच्या कितीतरी आधीपासून माहीत होते. रायझोपस त्या औषधालाच लोह वाहून आणणारा हमाल करते. साखर वाढली की रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर जीआरपी-७८ हे प्रथिन वाढते आणि बुरशी त्यालाच धरून आत शिरते. त्याच आम्लतेत न्यूट्रोफिल मंदावतात. त्यावर स्टिरॉइड. ऑक्सिजनवरच्या कोविड रुग्णाला डेक्सामेथासोन रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस, एवढेच चाचणीतून सिद्ध झाले होते. प्रत्यक्षात ते बऱ्याचदा त्याहून जास्त, जास्त दिवस आणि ऑक्सिजनची गरज नसतानाही दिले गेले, साखर न मोजता. म्हणून म्युकरच्या उपचारात मेलेले मांस काढणे आणि लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन हे बुरशीवरचे औषध रोज वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्रॅम देणे, यांच्या जोडीला साखर आणि आम्लता ताळ्यावर आणणे हे तितक्याच निकडीचे असते. त्याशिवाय पेशी कामाला लागत नाहीत.

निदानातही ही पार्श्वभूमी कामी येते. रक्तातले बीटा-ग्लुकान मोजणाऱ्या चाचणीत नालखेकड्याच्या रक्तातले एक प्रथिन वापरतात. त्या जिवाची ती बुरशी ओळखण्याची स्वतःची यंत्रणा. सर्वाधिक वापरातल्या संचात मिलिलिटरमागे ८० पिकोग्रॅम किंवा अधिक म्हणजे होकारार्थी. सेल्युलोजच्या पडद्यावरचे डायलिसिस, शस्त्रक्रियेतला गॉज, शिरेतून दिलेले इम्युनोग्लोब्युलिन यांनी आकडा खोटा चढतो. आणि रायझोपसच्या भिंतीत हे ग्लुकान अगदी कमी असल्याने म्युकरमध्ये चाचणी बहुधा नकारार्थीच येते. तिथे या चाचणीच्या अहवालावर विसंबू नये. नाकातून किंवा टाळूतून काढलेला तुकडा १० ते २० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली धरावा: रुंद, फितीसारखे, जवळपास आडपडदे नसलेले, काटकोनात फुटलेले तंतू दिसले, की कल्चरची (प्रयोगशाळेत बुरशी वाढवून पाहण्याची) वाट न पाहता त्याच दिवशी उपचार सुरू करायचे.